पकड कमजोर असेल तर चमच्याची दांडी जाड करा

पक्षाघात किंवा संधिवातानंतर बारीक दांडीचा चमचा बोटांतून निसटतो, कारण मूठ पूर्ण मिटत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम इथे उत्तम. इंदुरात एसी दुरुस्तीवाल्याकडे तुकडा सहज मिळतो. आतलं भोक साधारण १ सेंमी, बाहेरचा एकूण व्यास ३ सेंमीच्या आसपास. तळहाताच्या रुंदीपेक्षा २ सेंमी जास्त लांबी कापा. दांडी आत फिरत असेल तर तिच्यावर दोन-तीन रबरबँड गुंडाळून मग फोम चढवा; सैल दांडी घास उचलताना उलटते. धुताना फोम काढायचाच, नाहीतर आत खरकटं पाणी साचून वास येतो. म्हणून दोन तुकडे ठेवा.

मनगट वळत नसेल तर पातळ स्टीलचा चमचा घेऊन त्याची मान तोंडाच्या दिशेने, म्हणजे उजव्या हातासाठी डावीकडे, वाकवा. एकदाच, पुन्हापुन्हा वाकवला की तिथेच तुटतो.

पोहे सपाट बशीत पळतात. उभ्या काठाची ताटली घ्या, खाली ओलं फडकं पिळून अंथरा. पोह्यांवरची शेव मात्र जपून (इंदुरात हे कोण ऐकतं!): गिळताना ठसका लागत असेल तर असे कोरडे, भुरभुरीत घास बंद, आणि आधी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी.