अवघड खेळाडू सांभाळताना आणि त्याला निरोप देताना

अवघड खेळाडूविषयी निर्णय घेताना फुटबॉल मॅनेजरसमोर एकच माणूस उभा असतो, पण त्या निर्णयावर लक्ष ठेवून असलेले वीस-पंचवीस जण ड्रेसिंग रूममध्ये बसलेले असतात. म्हणून या कामाची सुरुवात त्या एका खेळाडूच्या स्वभावापासून न करता, आपण जे बोलू आणि करू त्याने उरलेल्या संघापुढे आपलेच हात कितपत बांधले जातील, या प्रश्नापासून करावी. मोठमोठ्या क्लबांचे मॅनेजर फसले आहेत ते बहुधा खेळाडूला ओळखण्यात नव्हे, तर भरल्या मैदानावर किंवा पत्रकारांसमोर तोंडून गेलेल्या एखाद्या वाक्यात.

अडचण नेमकी कसली आहे हे आधी ठरवावे. संघात जागा मिळत नाही म्हणून धुसफुसणारा खेळाडू, सरावाला उशिरा येणारा, दुसऱ्या क्लबकडे डोळे लागलेला आणि घरच्या किंवा दुखापतीच्या काळजीने बिथरलेला, हे चौघे बाहेरून सारखेच दिसतात. औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. २५ जानेवारी १९९५ रोजी लंडनच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली, तेव्हा त्याच्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. उन्हाळ्यात तो वैतागून फ्रान्सला परतला, तेव्हा त्याचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले, मोटारसायकलवर मागे बसून एका रेस्टॉरंटमध्ये पोहोचले आणि तिथे त्यांनी त्याची समजूत घातली. कँटोना १ ऑक्टोबरला लिव्हरपूलविरुद्ध परतला आणि त्या मोसमात मँचेस्टर युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. हेच फर्ग्युसन इतरांच्या बाबतीत अतिशय कठोर वागले. मात्र कँटोनाचा राग संघावर नव्हता, आणि तो राहिल्याने ड्रेसिंग रूम दुभंगणार नव्हती, हे त्यांनी नीट ओळखले होते.

बोलणे खासगीत व्हावे, शक्यतो सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि सोबत एखादा विश्वासू सहायक असावा. खेळाडूने काय केले, त्याचा संघावर काय परिणाम झाला आणि पुढे काय अपेक्षित आहे, एवढेच सांगावे. जुन्या तक्रारींचे गाठोडे सोडू नये. ठरलेल्या गोष्टींची दोन ओळींची नोंद ठेवली तर पुढे वाद झाल्यास तीच कामी येते.

पत्रकार परिषदेत मात्र याच्या अगदी उलट वागण्याचा मोह होतो. २७ सप्टेंबर २०११ रोजी म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध मँचेस्टर सिटी ०-२ ने मागे होती. सिटीच्या कार्लोस तेवेझने मैदानात उतरायला नकार दिला, असे मॅनेजर रॉबर्तो मॅन्चिनी यांचे म्हणणे होते. आपण नकार दिलाच नाही, गैरसमज झाला, असे तेवेझ सांगत राहिला. सामना संपताच मॅन्चिनींनी जाहीर करून टाकले की, हा खेळाडू आपल्या हाताखाली पुन्हा खेळणार नाही. क्लबने चार आठवड्यांच्या पगाराएवढा दंड ठोठावला, पण खेळाडूंच्या संघटनेने दोन आठवड्यांपेक्षा जास्त दंडाला पाठिंबा दिला नाही आणि क्लबला तो निम्म्यावर आणावा लागला. नोव्हेंबरमध्ये तेवेझ परवानगी न घेता अर्जेंटिनाला निघून गेला. जानेवारीत त्याची विक्री काही जमली नाही. फेब्रुवारीत तो परतला, त्याने माफी मागितली, आणि मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध राखीव खेळाडू म्हणून उतरून त्याने समीर नासरीच्या विजयी गोलासाठी चेंडू पुरवला. एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि १३ मे २०१२ रोजी सिटीने केवळ गोलफरकावर विजेतेपद पटकावले. मॅन्चिनींनी आपला शब्द मोडला हे संघाच्या भल्याचेच झाले, हे मी निःसंकोच म्हणेन. परंतु त्या रात्री त्यांनी एवढेच सांगितले असते की, जे घडले त्याची क्लब चौकशी करेल, तर त्यांना शब्द मोडावाच लागला नसता आणि मधले पाच महिने एक अव्वल खेळाडू वाया गेला नसता.

याहून छोटे वाक्यही महागात पडू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर एरिक टेन हाग यांनी, जेडन सॅन्चोला सरावातील कामगिरीमुळे वगळले, असे सांगितले. खेळाडूने त्याच दिवशी समाजमाध्यमावर जाहीर उत्तर दिले, मग त्याला पहिल्या संघापासून दूर ठेवण्यात आले आणि जानेवारीत तो लोनवर, म्हणजे तात्पुरता, जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडे गेला. त्याच मोसमात तो युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात खेळला. वगळलेल्या खेळाडूविषयी विचारले तर उत्तर ‘आज मी हा संघ निवडला’ इथपर्यंतच असावे. कारण खरे असले तरी ते खेळाडूच्या कानावर आधी पडले पाहिजे.

शिस्तीचे नियम मोसमाच्या आधी, कर्णधार आणि ज्येष्ठ खेळाडूंना बरोबर घेऊन ठरवावेत, म्हणजे शिक्षा करताना ती मॅनेजरची लहर वाटत नाही. नियम कर्णधारालाही लागू व्हायला हवा. डिसेंबर २०२१ मध्ये परदेशातून उशिरा परतलेल्या पिएर-एमरिक ऑबामेयांगचे कर्णधारपद आर्सेनलचे मॅनेजर मिकेल आर्तेता यांनी काढून घेतले आणि १ फेब्रुवारीला तो बार्सिलोनाकडे गेला. याची किंमतही मोजावी लागली. बदली आघाडीवीर आणला नसल्याने पुढच्या चार महिन्यांत गोलांची चणचण भासली आणि आर्सेनल पाचव्या स्थानावर राहून चॅम्पियन्स लीगला अवघ्या दोन गुणांनी मुकला. पुढच्या वर्षी तोच संघ दुसरा आला, म्हणून हा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. मात्र तो घेताना हा हिशेब डोळ्यांसमोर असावा.

निरोप द्यायचे ठरलेच, तर दिरंगाई करू नये. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने क्लबच्या वाहिनीवरील मुलाखतीत सहकाऱ्यांवर तोंडसुख घेतले. ती मुलाखत प्रसारित झालीच नाही, पण खेळाडूंना दाखवली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये १९९७ पासून कर्णधार असलेला हा माणूस परस्परसंमतीने बाहेर पडला. सहकाऱ्यांचा कर्णधारावरील विश्वास एकदा उडाला की उरलेला मोसम कसाबसा रेटण्यात अर्थ नसतो. याउलट २००१ मध्ये बचावपटू याप स्टामला विकण्याची घाई फर्ग्युसन यांनाच पुढे चूक वाटली. त्याच्या जागी आलेला लॉरां ब्लां पस्तिशीतला होता, आणि स्टाम मात्र २००५ मध्ये मिलानकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला. रागाच्या भरात घेतलेला निर्णय आणि जलद घेतलेला निर्णय यांत फरक आहे, आणि तो बदली खेळाडू हाताशी आहे की नाही यावरून चटकन कळतो.

पेप ग्वार्दिओला यांनी २००८ मध्ये बार्सिलोनाची सूत्रे हाती घेताच रोनाल्डिन्हो, डेको आणि सॅम्युएल एटो आपल्या योजनेत नाहीत, असे स्पष्ट सांगितले. पहिले दोघे गेले. एटो राहिला, जीव तोडून सराव करत राहिला आणि ग्वार्दिओलांनी मत बदलले. २००९ च्या रोममधील अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचाच होता. इथे शब्द मागे घेण्याला खेळाडूच्या मेहनतीचे कारण होते, म्हणून मॅनेजरची पत घसरली नाही.

नकोशा खेळाडूला एकट्याने सराव करायला लावून, त्रास देऊन करार सोडायला भाग पाडण्याचा मार्ग टाळावा. तो हलकटपणाचा आहे, शिवाय धोक्याचाही, कारण फिफाच्या नियमांनुसार अशा वागणुकीवरून खेळाडू योग्य कारणासह करार मोडू शकतो. प्रस्थापित खेळाडूला मोसमातील दहा टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत सामन्यांत खेळवले, तर तोही करार संपवण्याचा आधार होऊ शकतो. करार संपायला सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने करार करू शकतो, हेही लक्षात ठेवावे. निर्णय त्याआधी घ्यावा.

एकाच वेळी अनेकजण गेले तर काय करावे, याचे जवळचे उदाहरण इंडियन सुपर लीगमधील एफसी गोवाचे आहे. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हटवल्यावर पुढे ते मुंबई सिटीकडे गेले आणि ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल व गोव्याचाच मंदार राव देसाई हेही तिकडे गेले. आघाडीवीर कोरोही संघाबाहेर पडला. नवे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी गेलेल्यांविषयी शोक करण्यात वेळ घालवला नाही. इगोर अंगुलो नवा आला आणि त्या मोसमात १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा सुवर्ण बूट घेऊन गेला, तर मधल्या फळीतला एडू बेदिया राहिल्याने जुना सांधा टिकला. उपांत्य फेरीत गोवा मुंबईकडूनच पेनल्टीवर हरला, पण २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचाच ठरला.

जाण्याच्या दिवशी खेळाडूला संघापुढे दोन शब्द बोलू द्यावेत, अगदी भांडून चालला असला तरी. नाकारले तर तो तेच पत्रकारांना सांगेल. त्याच बैठकीत नवा कर्णधार, पेनल्टी आणि फ्री किक कोण घेणार हे जाहीर करावे. कोल्हापूरच्या तालमींसारख्या स्थानिक फुटबॉलमध्ये, जिथे सोडून जाणारा मुलगा शेजारच्या पेठेच्या संघात दिसतो आणि पुढच्या महिन्यात शाहू स्टेडियमवर समोर उभा राहतो, तिथे नोंदणीचे कागद वेळेत हातात द्यावेत आणि त्याच्याविषयी प्रेक्षकांत काही बोलू नये, कारण त्याचा भाऊ किंवा मित्र बहुधा अजून आपल्याच संघात असतो.