फाल्गुन-चैत्रातली परसबाग: इंदूरच्या काळ्या मातीसाठी

इंदुरात वसंत अंमळ कमीच मिळतो. होळीच्या पहाटे पांघरूण लागतं आणि रंगपंचमीची गेर निघेतो दुपारी कुंडीला हात लावला तर चटका बसतो. त्यामुळे दुधी, दोडका, काकडी हे वेल फेब्रुवारीतच पेरून मोकळं व्हावं. उशीर झालाच तर भेंडी, गवार, चवळी घ्या. ती उन्हाला बधत नाहीत. टोमॅटोची नवी रोपं मात्र आता नकोत. पारा पस्तिशीच्या वर राहू लागला की फुलं येतात आणि गळतात, मग कितीही खत घाला.

होळीची राख उचलून बागेत टाकायची सवय घरोघरी आहे. कोकणच्या आंबट मातीत ती चालेल. माळव्याची काळी माती आधीच अल्कधर्मी, सामू (pH) बहुधा साडेसातच्या वर. त्यात राख पडली की मोगरा, जास्वंद, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. हे पाहून लोक युरिया टाकतात! नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. ही उणीव लोहाची आहे. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, या मातीत घातलं तर मातीच ते धरून ठेवते, मुळांना मिळत नाही. म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा.

पाणी रोज शिंपडू नका, वरची दोन बोटंच ओली होतात. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येत असेल, तरी जमिनीतल्या झाडांना तेवढं पुरतं. आळं भरून द्या. कुंड्यांना मात्र रोज पाहावं लागतं.

वेलाला फुलं भरपूर, पण फळ बोटाएवढं होऊन सुकतं, ही तक्रार दर चैत्रात ऐकू येते. बहुतेक वेळा परागीभवन झालेलं नसतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं, भोपळा आणि गिलकी (घोसाळी) यांची सकाळी. त्या वेळी नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, ओळखायला सोपं. सकाळी सातला दुधीपाशी जाऊन काही उपयोग नाही.

मावा दिसला तर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, साबणाचे चार थेंब घालून. फुलावर आलेली कोथिंबीर उपटू नका, मावा खाणाऱ्या किड्यांना ती हवी असते.

आता कडुनिंबाची पानगळ. १९२४ ते १९३१ या वर्षांत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच गावात कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगात इंदूर पद्धत म्हणून चालते. आणि आपण पाचोळा कचरागाडीत घालून खताची पिशवी विकत आणतो. पाचोळा, शेण, थोडी माती आणि हवीच असेल तर मूठभर राख असे थर सावलीत रचा. पहिली पालट १५ दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. फाल्गुनात ढीग लावला तर मृगाच्या सुमारास खत वाफ्यात घालता येतं.