नवा मेटल डिटेक्टर ओल्या वाळूत कोकलतो तेव्हा

मॅन्युअल वाचून झालंय, बॅटरी भरलेली आहे आणि त्या किनाऱ्यावर डिटेक्टर चालवायला परवानगी लागते का हे तुम्ही विचारून आलात, असं मी धरून चालते. हेडफोन हवेतच, लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल ऐकू येत नाही. फावडं चाळणीचंच घ्या.

ओहोटीची वेळ बघून दोनेक तास आधी पोहोचा. दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे कालची वेळ आज उपयोगाची नाही.

सुरुवात कोरड्या वाळूत करा. घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि पुढे स्टील असलेले बूट घालून येऊ नका. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः यंत्र घेऊन गेले आणि हात हलवत परतले. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं, असं सांगतात. बूट तेच करतात.

मग स्वतःच्या वस्तू तपासा: एक नाणं, एक खिळा, शीतपेयाच्या डब्याचं झाकणखोलणं (ओढून डबा उघडायची कडी) आणि अॅल्युमिनियम फॉइलची बोटभर पट्टी. आधी वाळूवर ठेवून, मग १० सेंटीमीटर खोल पुरून. प्रत्येकीचा आवाज आणि पडद्यावरचा आकडा लिहून घ्या. पुरण्याआधी वस्तूला दोरा बांधा आणि त्याचं टोक वर राहू द्या. हसू नका. माझं पहिलं नाणं अजून तिथेच आहे.

आता ओली वाळू. घोडं अडतं ते इथे. कोरड्या वाळूत शहाण्यासारखा वागलेला माझा डिटेक्टर ओल्या पट्ट्यात पाऊल टाकताच कोकलायला लागला. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू हुडकणारी चकती, डावीकडे नेली तरी आवाज, उजवीकडे नेली तरी आवाज, नुसती उचलली तरी आवाज. मी चौदा खड्डे खणले. एकातही काही नव्हतं. यंत्रच बिघडलेलं आहे असं ठरवून ते परत पाठवायला खोक्यात भरलंसुद्धा. यंत्र ठणठणीत होतं. मी ग्राउंड बॅलन्स (खालच्या जमिनीचा स्वतःचा सिग्नल यंत्राला दुर्लक्षायला शिकवणं) कोरड्या वाळूत केला होता आणि सेन्सिटिव्हिटी (यंत्र किती बारीक सिग्नल पकडतं ते) पार टोकाला नेऊन ठेवली होती.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते. डिटेक्टरला ती पातळ पत्रा पसरल्यासारखी भासते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्रांना हा त्रास जास्त, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितका अधिक. बीच मोड किंवा मल्टी-फ्रिक्वेन्सी असेल तर तो निवडा, फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर खालची घ्या. मग पुढचा क्रम मोडू नका.

सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. ओल्या वाळूतच, जिथे धातूचा सिग्नल नाही अशा जागी उभं राहून ग्राउंड बॅलन्स करा: कॉइल वाळूला समांतर धरून चार बोटांच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत वर-खाली करत राहा, वर आणि खाली आवाज सारखा येईपर्यंत. आता सेन्सिटिव्हिटी एकेक घर वाढवा. बडबड सुरू झाली की एक घर मागे या आणि तिथेच थांबा. 'सेन्सिटिव्हिटी कमी केली की खोलवरचं सापडत नाही' असं कोणीतरी सांगेलच. खोली थोडी कमी होते, खरंय. पण सारखा बडबडणारा डिटेक्टर वरवरचंही ऐकू देत नाही.

त्याहून वाईट सल्ला म्हणजे 'डिस्क्रिमिनेशन वाढव, गप्प होईल', म्हणजे नको त्या धातूंचे सिग्नल गाळायची सोय वाढव. होतो गप्प! पण मिठाचा सिग्नल आणि बारीक सोन्याच्या अंगठीचा किंवा साखळीचा सिग्नल पडद्यावर शेजारी शेजारी येतात. मिठाचं तोंड दाबलंत की सोन्याचंही दाबलं जातं. पटत नसेल तर फॉइलची पट्टी ओल्या वाळूत पुरा आणि डिस्क्रिमिनेशन वाढवत जा. पट्टी कधी नाहीशी झाली ते स्वतःच्या कानांनी ऐका. मी लोखंडापुरतं डिस्क्रिमिनेशन ठेवते, त्यापुढे एक घरही नाही. झाकणखोलणी निघतात, निघू देत.

कॉइल इस्त्री फिरवल्यासारखी हळू आणि एकाच उंचीवर फिरवा. फेरीच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर जातो, आणि ओल्या वाळूत उंची बदलली की लगेच खोटा सिग्नल येतो. माझ्या चौदापैकी निदान निम्मे खड्डे फेरीच्या टोकालाच होते. किनाऱ्याला समांतर चाला, पाण्याकडे खाली सरकलात की बॅलन्स पुन्हा करा. लाट कॉइलवरून जात असेल तर ती ओसरेपर्यंत हात थांबवा.

सिग्नल आला की लगेच खणू नका. काटकोनात वळून पुन्हा फिरवा. खरी वस्तू दोन्ही दिशांनी त्याच जागी, साधारण तोच आकडा देते. मीठ एकदा इथे बोलतं, एकदा तिथे.

इतकं करूनही यंत्र शांत होत नसेल, आणि हाताने ग्राउंड बॅलन्स करायची सोयच नसेल, तर ते ओल्या वाळूसाठी नाही. कोरड्या पट्ट्यात, लोक बसतात-उठतात तिथे जा. बटणांशी झुंजून दिवस घालवू नका.

खणणं सोपं आहे. बुजवणंही सोपं आहे, पण बुजवा, कोणाचा तरी पाय मुरगळतो. बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

घरी आल्यावर कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवा. कंट्रोल बॉक्स जलरोधक असल्याची खात्री नसेल तर तो नुसता ओल्या फडक्याने पुसा. कॉइलचं खालचं कव्हर मात्र काढाच. त्याखाली लोहकणांची काळी वाळू साचते आणि पुढच्या खेपेला रिकाम्या जागी सिग्नल देत राहते.