तान्ह्या बाळाच्या डोळ्यात लेन्स घालायची कशी

माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्यातला जन्मजात मोतीबिंदू ती सात आठवड्यांची असताना काढला. "आतली लेन्स पुढे बघू, आता कॉन्टॅक्ट लेन्स," डॉक्टर म्हणाल्या आणि माझे हातपायच गळाले. मोतीबिंदूसोबत डोळ्याची स्वतःची लेन्स जाते, तिच्या जागी मोठ्यांसारखी कृत्रिम लेन्स आत्ताच आत का नाही बसवत? तेव्हा त्यांनी अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेली एक ते सहा महिन्यांची ११४ बाळं. निम्म्यांना आत लेन्स, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांची झाल्यावर तपासलं तर दोन्हीकडे नजर सारखीच. पण पाच वर्षांत आत लेन्स असलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांच्या डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, दुसऱ्या गटात २१ टक्के. मग मुकाट्याने शिकले.

नखं आधी कापा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बाळ दूध पिऊन पेंगुळलेलं असेल तीच वेळ धरा. दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळा, पाय पसरून जमिनीवर बसा आणि बाळाचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये घ्या. वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरून उचला. जरा वर धरलीत तर निसटलीच म्हणून समजा. सिलिकॉनची लेन्स चिमटीत किंचित दुमडून तिची कड आधी वरच्या पापणीखाली सरकवा, मग खालची पापणी ओढा, की बसते. बाळाने डोळे गच्च मिटले तर जोर लावू नका, थांबा. शेवटी बाजूने टॉर्च धरा: बुबुळाभोवती लेन्सची गोल कड दिसली पाहिजे.

लेन्स नळाच्या पाण्यात कधीही धुवायची नाही. आणि एक जादा लेन्स घरात हवीच. एकदा आम्ही अख्खी खोली पालथी घातली, आणि लेन्स कुंचीच्या लेसला चिकटलेली! हरवली वाटली तर आधी वरच्या पापणीखाली बघा.

खरी कसोटी पट्टीची. चांगला डोळा झाकला नाही तर मेंदू दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही, मग लेन्स घालून काय उपयोग? त्या अभ्यासात आठ महिन्यांपर्यंत जितके महिने तितके तास रोज पट्टी होती, पुढे जागेपणीचा निम्मा वेळ. तुमचे तास तुमचे डॉक्टर ठरवतील. आमची बाई पट्टी ओरबाडायची. हातांत मोजे चढवले आणि पट्टीची वेळ खुळखुळ्याला जोडली.

डोळा लाल झाला, सतत पाणी आलं, उजेड सोसेना किंवा बुबुळ पांढुरकं दिसलं, तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशननंतर काचबिंदूची भीती वर्षानुवर्षं राहते, म्हणून डोळ्यातला दाब तपासायची तारीख चुकवू नका.

काजळ मात्र बंद. आजेसासूबाई महिनाभर रुसल्या होत्या, शेवटी तळपायाला तीट लावण्यावर तह झाला.