एलईडीचा बारीक प्रवाह मोजायचा असेल, तर आधी शंट बदला

खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात वीज गेल्यावर देवघरात तीन सेलवर एखादा एलईडी रात्रभर तेवत ठेवायचा असेल, तर सेल किती रात्री पुरतील हे त्याचा प्रवाह नेमका मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी प्रवाह मोजणाऱ्या आयएनए219 चिपचे मॉड्यूल उत्तम आहे, पण ते जसेच्या तसे वापरू नये.

मॉड्यूलवर 'आर100' अशी खूण असलेला शंट, म्हणजे ज्याच्यावरील व्होल्टेजवरून प्रवाह काढतात तो छोटा रेझिस्टर, 0.1 ओहमचा असून तो 3.2 अँपियरपर्यंतच्या प्रवाहासाठी बसवलेला असतो. चिप शंटवरील व्होल्टेज 10 मायक्रोव्होल्टच्या पायऱ्यांनी वाचते, त्यामुळे 2 मिलिअँपियर प्रवाहाला जेमतेम 20 पायऱ्या मिळतात. चिपची शून्यचूक, म्हणजे प्रवाह नसतानाही दिसणारे व्होल्टेज, 100 मायक्रोव्होल्टची असली, तर एकट्या तिच्यामुळेच 1 मिलिअँपियरचा फरक पडतो.

म्हणून तो शंट काढून 10 ओहमचा, 1 टक्का अचूकतेचा रेझिस्टर बसवावा. जुना शंट तसाच ठेवून नवा त्याला समांतर जोडल्यास रोध 0.1 ओहमच्या आसपासच राहतो. बेळगावात विद्यार्थ्यांना शिकवताना ही चूक मी अनेकदा दुरुस्त केली आहे. आता एक पायरी 1 मायक्रोअँपियरची होते आणि मापनाची मर्यादा 32 मिलिअँपियरवर येते.

बॅटरीचे धन टोक मॉड्यूलच्या 'व्हीइन प्लस'ला जोडावे. 'व्हीइन मायनस'पासून 680 ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी आणि शेवटी बॅटरीचे ऋण टोक असा मार्ग ठेवावा. बॅटरीचे ऋण टोक आणि मॉड्यूलचे ग्राउंड एकत्र जोडणे आवश्यक आहे. चिप वाचण्यासाठीची तयार सॉफ्टवेअर लायब्ररी 0.1 ओहमचा शंट गृहीत धरते, त्यामुळे तिने दिलेला प्रवाह न घेता शंट व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये वाचून त्याला 10 ने भागावे, म्हणजे उत्तर मिलिअँपियरमध्ये मिळते.

एलईडी काढूनही, बॅटरी जोडलेली असताना, आकडा शून्य येत नाही, कारण चिपची 'व्हीइन मायनस' पिन स्वतःच 30 मायक्रोअँपियरच्या आसपास प्रवाह शंटमधून ओढते. हा आकडा टिपून प्रत्येक वाचनातून वजा करावा. त्यात शून्यचूकही निघून जाते. एलईडी पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून, मंद केला असेल, तर 128 वाचनांची सरासरी निवडावी, जिला सुमारे 68 मिलिसेकंद लागतात.

पडताळणीसाठी बॅटरी जोडलेली नसताना 680 ओहमच्या रेझिस्टरचा खरा रोध मल्टिमीटरने मोजून ठेवावा आणि दिवा लागल्यावर त्यावरील व्होल्टेजला त्या रोधाने भागावे. दोन्ही उत्तरांत 2 टक्क्यांहून अधिक तफावत दिसली, तर सर्वप्रथम शंटचे सोल्डर तपासावे.