फॅटी लिव्हर: ‘मला काहीच त्रास नाही’ कधी खरं मानायचं?

पित्ताच्या खड्याच्या शंकेनं सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात खाली ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं. मग कुणी म्हणतं, ‘मला तर काहीच होत नाही’, तर कुणी ‘ग्रेड 2’ वाचून लिव्हर गेलंच असं समजतं. दोन्ही अंदाज चुकतात. लिव्हरच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणाला कळतात. आणि ग्रेड सांगते ती लिव्हरमध्ये चरबी किती साठली ते. जखमेचा व्रण, म्हणजे फायब्रोसिस किती, हे तिच्यातून कळत नाही. खरा धोका व्रणाचा.

आधी कागदावर लिहून काढा: थकवा, झोप, उजव्या बरगडीखाली जडपणा. पण यावरून आजाराची पायरी ठरवू नका. थकवा साध्या चरबीतही खूप जाणवतो, आणि व्रण वाढलेला असूनही माणूस ठणठणीत वाटू शकतो.

आता व्रणाचा अंदाज देणारा आकडा काढा, त्याला फिब-4 म्हणतात. रक्ताच्या एकाच तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (ही दोन लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट घ्या. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागा. समजा वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64, प्लेटलेट 1.8 लाख म्हणजे 180. वर 2496, खाली 180 गुणिले 8 म्हणजे 1440, उत्तर 1.73. 1.3 पेक्षा कमी आलं तर व्रण जास्त असण्याची शक्यता कमी. 1.3 ते 2.67 मध्ये आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्या, तीन तास उपाशीपोटी. 2.67 च्या वर गेलं तर पोटविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. वय 65 च्या पुढे असेल तर खालची मर्यादा 1.3 ऐवजी 2 धरतात; वय 35 च्या आत असेल तर हे गणित भरवशाचं नाही. नुसतं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ते नॉर्मल असूनही व्रण असतो.

कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटर ही हद्द. ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनी हे आधी करावं, कारण वजन बेताचं असूनही फॅटी लिव्हर होतं.

खाण्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. इंदुरात शेव कुणी खाणं म्हणून मोजतच नाही: सकाळी पोह्यांवर, दुपारी वरणावर, संध्याकाळी चहाबरोबर. तीन दिवस, त्यात एक रविवार आणि जमलं तर सराफ्याची, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजाराची, एक रात्र धरून, प्रत्येक मूठ लिहा. 100 ग्रॅम शेवेत सुमारे 550 कॅलरी. तेलही मोजा: चौघांत महिन्याला 4 लिटर म्हणजे रोज माणशी 33 मिली, जवळजवळ सात छोटे चमचे, बाहेरची कचोरी वेगळीच. जिलबी आणि गोड सरबतंही त्याच यादीत लिहा. दारू पूर्ण बंद.

80 किलोच्या माणसानं 4 किलो उतरवले तरी लिव्हरमधली चरबी घटते. लिव्हरची सूज उतरायला 6 ते 8 किलो लागतात. आठवड्याला 1 किलोपेक्षा जास्त घाई नको, उपासमारीनं लिव्हर बिघडू शकतं. इंदुरातल्या मेघदूत उपवनात किंवा घराजवळ, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं आठवड्याला 150 मिनिटं चाला.

साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल सोबतच तपासा, कारण या आजारात मोठा धोका हृदयाला असतो. डोळे पिवळे होणं, पोट किंवा पाय सुजणं, काळी शी, रक्ताची उलटी यांपैकी काहीही दिसलं, तर आकडेमोड बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.