भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग असा गेला

मॅक्रो (अगदी जवळून काढलेल्या) फोटोत भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर फ्लॅशचा टोकदार पांढरा डाग यायचा, खालचा रंगच दिसायचा नाही. पॉवर कमी केली, तर फोटो काळवंडला, डाग तेवढाच. फ्लॅशवरची प्लॅस्टिकची टोपीही निरुपयोगी, कारण प्रकाशाचा आकार लहानच राहतो. पूर्ण पावसाळा यात वाया गेला.

शेवटी जमलं ते असं: कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००. फ्लॅश मॅन्युअल, पूर्ण पॉवरच्या १/८. पॅकिंगचा पातळ पांढरा फोम फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापुढे कमानीसारखा वाकवला, किड्याच्या जेमतेम ६ सेंटीमीटर वर. मग आधी स्टीलच्या चमच्याचा फोटो. प्रतिबिंबात फोमच्या मधोमध झगझगीत ठिपका दिसला, म्हणून फ्लॅश आणि फोमच्या मध्ये बटर पेपरचा दुसरा थर लावला. फोम सगळीकडे सारखा उजळल्यावरच किड्याकडे वळलो.